काटुरेबेंच्या गायी

शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे सोसवत नाही.
आता किती?
काटुरेबे दात शाबूत असलेल्या बाजूने हसतात.
आकडे दुकानदारांचे, म्हणतात.
रात्री सात आल्या होत्या.
सात गायी, कमरेवर बसून रवंथ करत.
तांबडी सगळ्यांत जड.
हलली की शिंग बरगडीत जातं.

मी तक्त्यात लिहिते: सात.

म्बाराराच्या या वॉर्डात खाटा अठरा,
माणसं सव्वीस, शिवाय खाटांखाली
पातेली, चटया, केळ्यांचे घड.
मॉर्फीन प्लास्टिकच्या बाटलीत, हिरवं पाणी,
चवीला इतकं कडू की म्हातारा बायकोच्या नावाने शिव्या देतो.
(ती जाऊन अकरा वर्षं झाली.)
दर चार तासांनी एक माप,
निजताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको.
सून केमिगिशाला घड्याळ वाचता येत नाही.
मी कागदावर सूर्य काढून दिले:
उगवता, डोक्यावरचा, कलता, बुडता,
शेवटी चंद्र.
चंद्राला तिने शिंगं काढली.

या औषधाने पोट धरून बसतं.
डॉक्टर हे घाईत सांगतात, मी सावकाश सांगते.
पपईच्या बिया वाळवा, चावायला द्या.
पाचव्या दिवशी काटुरेबे ओरडले, झालं!
आणि अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या.
स्वर्ग वगैरे नंतरचं.

जखमेला वास होता.
मुलगा म्वेसिग्वा दारातूनच चौकशी करायचा,
टोपी हातात, जणू कर्ज मागायला आलाय.
आम्ही गोळ्या कुटून भुकटी जखमेवर पसरली.
तिसऱ्या दिवशी तो खाटेच्या कडेवर टेकला,
बापाची नखं काढू लागला, एकेक,
तुकडे रुमालात जमवत.
तक्त्यात वासाचा रकाना नाही.

एका शनिवारी बाटली संपली.
भांडाराची किल्ली ज्याच्याकडे,
तो मावशीच्या मयताला गेला होता.
फोन वाजत राहिला.
मी पाठ चोळली, उशी बदलली, पाय वर घेतले,
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
गालावर वारा घालत बसले.
त्या रात्री त्यांनी मोजलं नाही.
मीही विचारलं नाही.
तक्त्यात ती जागा अजून कोरी आहे.
कुणी विचारलं तर सांगेन,
लिहायला विसरले.

मग घरघर सुरू झाली.
बुडतायत का ते? केमिगिशाने माझी बाही धरली.
आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, डोकं थोडं उचललं.
म्हटलं, हा आवाज आपल्याला ऐकू येतो,
त्यांना नाही.
असं मी दर वेळी सांगते.
खरं असावं.

दुपारी ते क्षणभर वर आले,
तळातून बादली वर यावी तसे.
सवयीने विचारलं, किती?
ओठ हलले.
एक.
कुठली?
बराच वेळ काही नाही. मग,
तांबडी. उठायला बघतेय.

म्वेसिग्वा गावाहून दूध घेऊन आला होता,
लाकडी भांड्यात, अजून कोमट, धुराच्या वासाचं.
गिळता येत नव्हतं.
मी गॉजचा बोळा दुधात बुडवून त्याच्याच हातात दिला.
त्याने आधी खालचा ओठ ओला केला, मग वरचा,
मग पुन्हा खालचा.
इतकं नको, असं म्हणणार होते मी.
म्हटलं नाही.

दिवे लागण्याआधी ते गेले.
केमिगिशाने कागद मागे दिला नाही,
घडी करून चोळीत खोचला.
मी नोंदवही उघडली.
उरलेलं औषध, मोजून परत: चाळीस मिली.
खाली सही, तारीख.
साक्षीदार म्हणून कुणी हवं असतं.
बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली,
आण इकडे, मी पाहिलंय सगळं.